‘संगीत’पुढचं नाव

आमच्या नाटकाच्या पोस्टरवर ‘संगीत’ या शब्दापुढे माझं एकट्याचं नाव आहे. ते खोटं नाही. पण खरं म्हणायलाही जीभ रेटत नाही.

पुण्यात एका शाळेच्या हॉलमध्ये रात्री तालमी चालायच्या. हार्मोनियमवर मी, शिवाय व्हायोलिन, ढोलकी आणि झांज. दिग्दर्शकाचं म्हणणं एवढंच, की चाली आधी बांधायच्या नाहीत, नट उभे राहतील तसं वाजवत राहायचं. दुसऱ्या अंकात बाई घर सोडून निघते. तिथे मी आठ दिवस भैरवी वाजवत होतो आणि प्रसंग दर वेळी रडका होत होता. एका रात्री ढोलकीवाला कोपऱ्यात ढोलकी लावत बसला होता. त्याने डाव्या पानावर अंगठा घासला आणि दबक्या हुंकारासारखा आवाज आला. उंबऱ्यापाशी पोचलेली नटी थांबली, वळून बघितलं. व्हायोलिनने तोच स्वर उचलला. मी भैरवी सोडली, एक सूर धरून ठेवला. दहा मिनिटांत प्रसंग उभा राहिला. प्रयोगानंतर लोक भेटतात ते याच जागेबद्दल बोलायला.

ही चाल कोणाची?

मी स्वतःला सांगतो, तासभराच्या वाजवण्यातून ती चाळीस सेकंद मी निवडली. फोनवर रेकॉर्ड केली, बसवून घेतली. निवड हीसुद्धा रचनाच. हे पटतं. पण निवडायला समोर काहीतरी असावं लागतं, आणि ते माझ्याकडून आलेलं नव्हतं.

आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीपर्यंत संगीतकृती म्हणजे कागदावर उतरवलेलंच संगीत होतं. ज्याला नोटेशन येत नाही, त्याची चाल कायद्याच्या हिशोबात धरलीच जात नव्हती. आता ती अट नाही. दोघांचा वाटा वेगळा काढता येत नसेल तर कृती दोघांची, हेही कायदा मानतो. पण कायदा कधी बोलणार? कोणी हक्क सांगितला तर. आणि आमच्याकडे साथीदार हक्क सांगत नाहीत. त्याच भरवशावर माझं नाव एकटं उभं आहे, हे मला खुपतं. (जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ लिहून ती कुठून उचलली ते छापायचे. त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे.)

शेवटी ढोलकीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, ‘‘अरे, मी तर ढोलकी लावत होतो.’’ आता काय करायचं? ज्याला आपण काही केलं असं वाटतच नाही, त्याला श्रेय द्यायचं म्हणजे आपलं मन हलकं करणं तर नाही ना? पण त्याला तसं वाटत नाही, कारण आजवर कोणी तसं म्हटलंच नाही, हेही तितकंच शक्य आहे.

कोल्हापूरच्या प्रयोगाचा फ्लेक्स उद्या छापायला जाईल. ‘संगीत’पुढे मी चार नावं टाकली आहेत. तसं त्याला सांगितलं, तर हसून म्हणाला, ‘‘नाव टाक की. पण मग संगीतकाराचं मानधनही चौघांत ना?’’

फाइल अजून पाठवलेली नाही.