चेहरा कोणाच्या मालकीचा?

फेडेरिको फेलिनी या इटालियन दिग्दर्शकाच्या 'ला डोल्चे व्हिटा' या १९६० सालच्या चित्रपटात पापाराझो नावाचा एक छायाचित्रकार आहे. नामवंतांच्या मागावर राहून त्यांची छायाचित्रे टिपणे हा त्याचा उद्योग. पुढे त्याचे नाव साऱ्या व्यवसायालाच चिकटले. आपण सर्रास वापरतो तो 'पापाराझी' हा शब्द अनेकवचनी आहे. हेच काम करणाऱ्या स्त्रीसाठी 'पापाराझा' हे इटालियन स्त्रीलिंगी रूपही इंग्रजीने उचलले.

शब्दाचे लिंग बदलले, म्हणून नीतीचा प्रश्न बदलतो काय? कॅमेरा स्त्रीच्या हाती आला की तो आपोआप दयाळू होईल, असे मानणे भाबडेपणाचे आहे. पुरुषाला जे खपते ते तिला मात्र शोभत नाही, असे म्हणणे अन्यायाचे आहे. समान प्रतिष्ठेबरोबर समान दायित्वही येते. खरा प्रश्न आहे तो दुसऱ्याच्या चेहऱ्यावर आपला अधिकार किती, हा.

भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३–२०१२) यांचे उदाहरण येथे बोलके आहे. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. नेहरूंपासून अनेक थोरांना त्यांनी अगदी जवळून टिपले. मात्र नव्या छायाचित्रकारांचे बेशिस्त वर्तन त्यांना सहन होईना. १९७० साली त्यांनी हे काम कायमचे सोडले. मर्यादा पाळूनही उत्तम छायाचित्र मिळते, याची साक्ष त्यांचे काम आजही देते.

याचा अर्थ पाहणेच पाप असा नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या विध्वंसाची छायाचित्रे जगभर पोहोचली, तसा मदतीचा ओघ मराठवाड्याकडे वळला. तेथे कॅमेऱ्याने मुक्या दुःखाला वाचा दिली. पण ढिगाऱ्यापाशी बसलेल्या मातेच्या अंगी 'नको' म्हणण्याचेही त्राण नसते. म्हणून तिच्या वतीने मर्यादा छायाचित्रकाराने स्वतःच पाळायची असते.

दुसरे उदाहरणही लातूरचेच. बाभळगावच्या देशमुख घराण्यातील रितेश आणि जेनेलिया यांची मुले मुंबईत छायाचित्रकारांसमोर हात जोडतात, ही दृश्ये आपण सर्वांनी कौतुकाने पाहिली आहेत. संस्कार निश्चितच उत्तम. परंतु बालकाचा नमस्कार म्हणजे त्याची संमती नव्हे. प्रसिद्धी आईवडिलांनी पत्करली, मुलांनी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला. तथापि कायदा फार तर कुंपण घालू शकतो. कुंपणाच्या फटीतून डोकावू नये, हे सद्सद्विवेकबुद्धीच सांगते.

क्रूसाच्या वाटेवरील सहावे स्थान आपल्या परिचयाचे आहे. शुभवर्तमानांत वेरोनिकेचा उल्लेख नाही. ती आपल्याला परंपरेने दिली. गर्दी तमाशा पाहत होती. ही एकटी पुढे झाली आणि तिने प्रभूचा रक्ताने, घामाने माखलेला चेहरा पुसला. तिच्या वस्त्रावर त्या मुखाची प्रतिमा उमटली, अशी श्रद्धा आहे. ती प्रतिमा मिळवण्यासाठी गेली नव्हती, सेवेसाठी गेली होती. पापाराझा आणि वेरोनिका या दोघींत भेद आहे तो एवढाच: एक चेहरा हिसकावून घेते, दुसरीला तो दान म्हणून मिळतो.

मात्र दोष केवळ छायाचित्रकाराच्या माथी मारून आपली सुटका होत नाही. ३१ ऑगस्ट १९९७ रोजी पॅरिसमध्ये अपघातात राजकन्या डायना यांचा अंत झाला. चालकाच्या आणि पाठलाग करणाऱ्या वाहनांच्या घोर निष्काळजीपणामुळे तो झाला, असा निर्णय २००८ साली लंडनमधील ज्यूरीने दिला. पण त्या वाहनांना पळवणारा पैसा कोणाचा होता? वृत्तपत्र विकत घेणाऱ्या वाचकांचाच. ग्राहक नसता, तर शिकारही झाली नसती.

आज प्रत्येक घरात मोबाइल आहे आणि प्रत्येक मोबाइलमध्ये कॅमेरा. अंत्यविधीत शवपेटीपाशी रडणारी विधवा, रुग्णशय्येवरचे आजोबा, रस्त्यावरचा अपघातग्रस्त यांची छायाचित्रे क्षणार्धात नांदेडहून नाशिकपर्यंत जातात. ती काढणारे आणि पुढे पाठवणारे हात आपलेच असतात. बटण दाबण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या माणसाला या क्षणी माझ्या कॅमेऱ्याची गरज आहे की माझ्या रुमालाची?