गृहस्थाची चाकरी आणि शस्त्राची हाक

चेन्नई नगरीत सेंट थॉमस माउंट, म्हणजेच परंगिमलाई, या टेकडीच्या परिसरात सैन्याधिकारी घडविणारी एक संस्था आहे. १९६२ च्या चीन-युद्धानंतर अधिकाऱ्यांची निकड भासली, म्हणून १९६३ साली तिची स्थापना झाली. तेव्हा या नगरीस मद्रास म्हणत. तेथे शिकणारे बहुतेक तरुण सैन्यालाच वाहिलेले असतात. परंतु त्या आवारात अशाही माणसांनी शिक्षण घेतले आहे की, ज्यांचे एक पाऊल छावणीत आणि दुसरे कचेरीत. हे प्रादेशिक सेनेचे, म्हणजे टेरिटोरियल आर्मीचे अधिकारी.

या सेनेचा कायदा १९४८ चा. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी तिचे उद्घाटन झाले, ते गव्हर्नर जनरल राजाजी यांच्या हस्ते. रामायण-महाभारत घरोघरी पोचविणाऱ्या या मद्रासच्या विद्वान गृहस्थाने गृहस्थांच्याच सेनेचा आरंभ करावा, हा योग मोठा अर्थपूर्ण होय. उपजीविकेचे साधन असलेल्या नागरिकाने आपला व्यवसाय न सोडता वर्षातून सुमारे दोन महिने सैनिकी शिक्षण घ्यावे आणि संकटकाळी हाक येताच रुजू व्हावे, अशी ही योजना. ही हाक केवळ कागदावरची नव्हे. ६ मे २०२५ च्या आदेशाने केंद्र शासनाने सेनाप्रमुखांना या सेनेतील कोणासही बोलावण्याचा अधिकार दिला आणि बत्तीस पायदळ पलटणींपैकी चौदा पलटणी सेवेत घेण्याचे ठरविले.

आता मैलापूरच्या एखाद्या बँकेतील कारकुनाची कल्पना करावी. घरी वृद्ध माता, शाळेत जाणारी दोन मुले, कचेरीत मार्चअखेरचे हिशेब, आणि हाती रुजू होण्याचा हुकूम. त्याचा स्वधर्म कोणता?

आपल्या पूर्वजांनाही हा प्रश्न पडला असेलच. शिवकालीन मावळा पावसाळ्यात नांगर धरी आणि विजयादशमीस सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघे. पण त्याच्या दोन कर्मांची वाटणी ऋतूंनीच करून दिलेली होती. आजच्या कारकुनाला तशी सोय नाही. खातेवही आणि बंदूक त्याला एकाच दिवशी बोलावितात.

येथे कोणी म्हणेल की, वेळेची नीट विभागणी केली म्हणजे झाले. परंतु अडचण वेळेची असती, तर पंचांग पाहून सुटली असती. खरी अडचण मनाची आहे. ज्याच्यापाशी दोन कर्तव्ये असतात, त्याला एका कर्तव्याआड लपून दुसरे टाळता येते, आणि वर लोकांकडून शाबासकीही मिळते. अर्जुनाचे पहिल्या अध्यायातील म्हणणे नीट ऐकावे. कुलक्षय, वडीलधाऱ्यांचा घात, स्त्रियांची दैना, पितरांचा पिंडलोप! ही सारी गृहस्थाचीच बोलणी आहेत, आणि त्यांपैकी एकही क्षुल्लक नाही. तरी भगवंतांनी ती मान्य केली नाहीत. कारण त्या क्षणी ती कुळासाठी नव्हती, थरथरणाऱ्या हातासाठी होती.

पण हा दोष एकाच बाजूने घडतो असे मानणे भोळेपणाचे ठरेल. आईच्या आजाराचे निमित्त सांगून शिबिर चुकविणारा चटकन ओळखू येतो. उलट आजारी आईची शुश्रूषा नको, सावकाराचा तगादा नको, साहेबाची कटकट नको, म्हणून आनंदाने शिबिराकडे धावणारा मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. गणवेश चढविला की त्याला सर्व जग वीर म्हणते. अठराव्या अध्यायात कायाक्लेशाच्या भयाने केलेल्या कर्मत्यागास राजस म्हटले आहे. तो त्याग रणांगणाचा असो वा रुग्णशय्येजवळील रात्रीच्या जागरणाचा, भगवंतांनी तेथे भेद केलेला नाही. त्या कारकुनाने स्वतःला एवढेच विचारावे: आज जे सोडून निघालो, ते जड वाटते म्हणून तर सोडले नाही ना?

दुसरी गोष्ट याहून अधिक दुर्लक्षिलेली आहे. तो छावणीत गेला, तरी त्याचे काम कचेरीतच राहते. त्याची खातेवही शेजारच्या मेजावरील सहकारी ओढून घेतो. मुलांचा अभ्यास, आईचे औषधपाणी, शिधापत्रिकेची रांग पत्नीच्या माथी येते. कायद्याने त्याच्या जागेची काळजी घेतली आहे. सेवेवरून परतलेल्या माणसास मालकाने पुन्हा कामावर घेतलेच पाहिजे. न घेतल्यास सहा महिन्यांच्या वेतनापर्यंत भरपाई देवविण्याचा अधिकार नेमलेल्या अधिकाऱ्यास आहे. हे योग्यच झाले. पण खुर्ची राखणारा कायदा सहकाऱ्याच्या वाढलेल्या श्रमांची नोंद कोठे करणार? तिसऱ्या अध्यायात, देवांनी दिलेले त्यांचा भाग न देता जो एकटाच भोगतो, त्याला चोर म्हटले आहे. पलटणीतील मानसन्मान हा असाच अनेकांच्या आहुतींतून आलेला भाग होय. तो एकट्यानेच मिरविणाऱ्यास दुसरे कोणते नाव द्यावे?

यासाठी निर्णयाची वेळ हुकूम हाती पडल्यावरची नव्हे. तेव्हा जाणे अपरिहार्यच असते, आणि जाणाऱ्याने मागे वळून पाहू नये. निर्णयाची वेळ नाव नोंदविण्यापूर्वीची. यज्ञाचा संकल्प सोडताना यजमानाशेजारी पत्नी बसलेली असावी लागते. तिच्यावाचून तो कर्माचा अधिकारीच होत नाही. शासकीय नोकरास या सेनेसाठी कचेरीचे ना-हरकत पत्र आणावे लागते. घरचे ना-हरकत पत्र त्याने आपण होऊन मागावे. आईला, पत्नीला, जाणत्या मुलालाही समोर बसवून शिबिराचे दोन महिने म्हणजे काय आणि प्रत्यक्ष हाक म्हणजे काय, हे काही न लपविता सांगावे. आणि पत्नी ‘नको’ म्हणाली, तर ते भित्रेपण समजू नये. शिबिराहून परतल्यावर पहिल्या दिवशी कचेरीत जाऊन पराक्रमाच्या गोष्टी सांगण्यापूर्वी शेजारच्या मेजाकडे वळावे, आणि ज्याने दोन महिने दोन वह्या लिहिल्या, त्याला विचारावे की, आता आपण रजा केव्हा घेणार?