आजीची गोष्ट कोणाची?



धम्म स्वीकारला, घरातले देव काढले, व्रतवैकल्ये सुटली. पण संध्याकाळी पोरे आजीला बिलगून गोष्ट मागतातच. मग जुन्या गोष्टी देवांबरोबर बाहेर टाकावयाच्या काय?

एक दाखला पाहा. १८६८ साली लंडनला ‘ओल्ड डेक्कन डेज’ हा दख्खनच्या लोककथांचा संग्रह निघाला. नाव मेरी फ्रियरचे, म्हणजे मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या मुलीचे. गोष्टी सांगितल्या तिच्या आयाने, ॲना लिबराटा डिसूझाने. ॲनाचे आजोबा मूळचे लिंगायत. ते सहकुटुंब ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांच्या बापाने सर्वांना घराबाहेर काढले. धर्म बदलला, तरी आजीने नातवंडांना राजाराणीच्या गोष्टी सांगितल्याच. त्यांत पुरुषवेष घेऊन पराक्रम करणारी शेवंतीबाईही आहे.

ॲनाची जीवनकथा त्या पुस्तकात छापली आहे, हे खरे. तरी पुस्तक मेरीचेच ठरले. एकीच्या हाती लेखणी आणि राज्य, दुसरीच्या वाट्याला चाकरी. ज्याची लेखणी, त्याची गोष्ट!

व्रताच्या कहाण्या याच दृष्टीने तपासा. बाईने उपास केला की वैभव, ती विसरली की दारिद्र्य. भीती बाईला आणि दक्षिणा भटजीला, हा कोणता न्याय?

उलट थेरीगाथा पाहा. अनाथपिंडिकाच्या घरी पाणी भरणारी दासी पुण्णिका, कडाक्याच्या थंडीत पाप धुण्यासाठी नदीत बुडणाऱ्या ब्राह्मणाला विचारते की, पाण्याने पाप जात असेल तर बेडूक-कासवे स्वर्गाला का जात नाहीत? पुढे ती भिक्खुणी झाली. दासीचा हा प्रश्न तिच्याच नावावर टिकला.

परंपरेने आले म्हणून मानू नका, असे भगवंतांनी कालामांना सांगितले. परंपरेचे आहे म्हणून तपासल्यावाचून फेकावे, असेही त्यांनी सांगितले नाही. म्हणून आजीची गोष्ट पारखून घ्या. ती ऐकून आपली मुलगी ताठ उभी राहील की मान खाली घालील, हे पाहा. ताठ उभी राहणार असेल तर गोष्टीत राजा आहे, राणी आहे, म्हणून भिऊ नका. वाकणार असेल, तर ती कितीही गोड असो, सोडून द्या.

१९५० साली बाबासाहेबांनी आपल्या या शहरात महाविद्यालय काढले. आता लेखणी आपल्याही घरी आहे. आजी बोलते आहे तोवर तिची गोष्ट लिहून घ्या, आणि वर नाव आजीचेच घाला.