आधी जमते, मग आवडते

‘आमच्या पोरांना शिकायची गोडीच नाही.’ गडचिरोली आणि चंद्रपूरच्या जंगलपट्ट्यातील माध्यमिक शाळांत हे वाक्य सहज कानावर पडते. ते बोलणारे शिक्षक बहुतेक वेळा कष्टाळू असतात आणि मुलांविषयी त्यांना कळकळही असते. या वाक्यात मात्र एक क्रम गृहीत धरलेला आहे: आधी गोडी, मग अभ्यास, मग गुण. उपायही त्याच क्रमाने केले जातात. दहावीच्या मुलांपुढे प्रेरणादायी व्याख्यान ठेवायचे, जिल्हाधिकारी झालेल्या एखाद्या गरीब मुलाची गोष्ट सांगायची, भिंतीवर सुविचार रंगवायचे. मुले टाळ्या वाजवतात. दुसऱ्या दिवशी फळ्यावर वर्गसमीकरण लिहिले की त्यांच्या माना पुन्हा खाली जातात.

हा क्रम उलटा आहे असे माझे ठाम मत आहे. ज्याला विषय जमू लागतो त्याला तो आवडू लागतो, आणि जमण्याचा अनुभव मुलाच्या वाट्याला येणार की नाही हे बरेचसे शिकवण्याच्या पद्धतीवर ठरते. मुलाच्या वृत्तीला दोष देण्यापूर्वी वर्गात त्याच्याशी काय घडते ते पाहायला हवे. त्यासाठी गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेऱ्यासारखा तालुका डोळ्यांसमोर ठेवावा, कारण इथे पद्धतीची परीक्षा फार कठोर होते.

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. मुलचेरा तालुक्याच्या एका बाजूला चामोर्शी, दुसऱ्या बाजूला अहेरी, तिसऱ्या बाजूला एटापल्ली. गोंडी आणि माडिया बोलणारी गावे इथे पूर्वापार आहेत. तेलंगणाच्या सान्निध्यामुळे तेलुगू घरात आणि बाजारात ऐकू येते. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासित कुटुंबांना १९६० च्या दशकापासून या भागात वसवले गेले, म्हणून सुंदरनगर, विवेकानंदपूर, खुदिरामपल्ली अशी गावांची नावे इथे भेटतात. मराठी बोलणाऱ्या घरांतही झाडीबोली चालते, पाठ्यपुस्तकाची मराठी नव्हे. आठवीच्या एका वर्गात चार-पाच घरभाषा एकत्र बसतात. शिक्षक मात्र प्रमाण मराठीत धडा वाचतात, समजले का विचारतात, आणि सगळा वर्ग एका सुरात ‘हो सर’ म्हणतो.

मला या ‘हो सर’ची काळजी वाटते. मुलाला प्रश्न विचारायचा असतो, पण तो मराठीत मांडता येत नाही. मांडला तर इतर हसतील ही भीती असते. महिनाभर असे गेले की मूल गप्प बसायला शिकते. वर्षभर गेले की शिक्षक त्याला ‘अबोल’ म्हणू लागतात. तिसऱ्या वर्षी तेच मूल स्वतःबद्दल सांगते, ‘मला गणित जमत नाही.’ तोवर आपण ज्याला वृत्ती म्हणतो ती तयार झालेली असते.

हा भाषेचा अडसर महाराष्ट्रात फार पूर्वी तपासला गेला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ मध्ये सुरू केलेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर काम केले. १९८१ मध्ये कुलकर्णी आणि गंभीर यांनी विज्ञान शिक्षणातील भाषेच्या अडथळ्यावर निबंध प्रसिद्ध केला. आशय तोच ठेवून भाषा सोपी केली की मुलांचे विज्ञानातील यश वाढते, हा त्यातील मुद्दा. जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांबरोबर केंद्राने काम केले. मुंबई महापालिकेच्या शाळांतील दलित विद्यार्थ्यांनाही केंद्राने माध्यमिक वर्गांत सोबत केली. ज्या मुलांकडून कोणी फार अपेक्षा ठेवत नव्हते, त्यांनी शालान्त परीक्षेत चांगले गुण मिळवले. या कामाला चार दशके उलटून गेली. तरी आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांत अजून लांबलचक कर्मणी वाक्ये आहेत, आणि ती तशीच्या तशी फळ्यावर उतरतात.

आधी आत्मविश्वास की आधी जमणे, हेही तपासले गेले आहे. अमेरिकेत गरीब मुलांसाठी १९६८ मध्ये ‘फॉलो थ्रू’ नावाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला. त्यात शिकवण्याच्या अनेक पद्धती शेजारीशेजारी चालवून पाहिल्या. काही पद्धतींचा भर मुलांचा आत्मविश्वास वाढवण्यावर होता. काहींचा भर वाचन आणि गणित पायरीपायरीने पक्के करण्यावर होता. १९७७ मध्ये अहवाल आला तेव्हा पायरीपायरीने शिकवणाऱ्या पद्धतीतील मुले अभ्यासात पुढे होतीच, पण स्वतःविषयीच्या चांगल्या भावनेतही तीच पुढे होती. ती मुले लहान वर्गांतली होती, आणि अहवालावर पुढे पुष्कळ वाद झाला हेही खरे. तरी आत्मविश्वास थेट शिकवायला निघालेल्या पद्धती मागे पडल्या, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. मी ‘कृतियुक्त’ या शब्दाचा भक्त नाही. २०१५ नंतर ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमात ज्ञानरचनावाद गावोगावी पोहोचला. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटच्या प्राथमिक शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. तिथे जे काम झाले ते खरे होते. परत आल्यावर मात्र अनेक ठिकाणी फरशीवर तक्ते रंगवले गेले आणि शिकवणे जुनेच राहिले. मुलांना गटात बसवले म्हणजे ती शिकतात असे नाही. गटात हुशार मूल लिहिते आणि बाकीचे त्याच्या वहीत डोकावतात, हे प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे.

गट कसा बांधायचा याचे उत्तर टेक्सासमधील ऑस्टिन शहरात १९७१ मध्ये शोधले गेले. गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना तिथे नुकतेच एका वर्गात आणले होते, आणि वर्गात वैर होते. मानसशास्त्रज्ञ इलियट अ‍ॅरॉन्सन यांनी धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. बाकीचे तुकडे गटातल्या इतरांकडून ऐकूनच कळणार होते. इंग्रजीत अडखळणाऱ्या मुलाची टिंगल करून आता चालेना, कारण परीक्षेत त्याचा तुकडाही येणार होता. मुले त्याला नीट प्रश्न विचारू लागली आणि तो बोलू लागला. अशा वर्गांत मुलांना शाळा अधिक आवडू लागली, अल्पसंख्य मुलांचे गुण वाढले आणि बाकीच्यांचे काही बिघडले नाही. मुलचेऱ्याच्या वर्गाला याहून जवळचे उदाहरण मला माहीत नाही. इथल्या मातीत ही रीत परकीही नाही. गोंड आणि माडिया समाजाच्या गोटुल या युवागृहात मोठी मुले धाकट्यांना शिकवत आली आहेत.

वर्गात शिकवायला काय घ्यावे, याबाबत या तालुक्याइतकी श्रीमंती क्वचित असेल. नववीच्या विज्ञानात आनुवंशिकतेच्या पाठात सिकलसेल येतो. या जिल्ह्यात तो आजार घराघरांत माहीत आहे. आई आणि बाबा दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्य आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५०, आणि पूर्ण निरोगी असण्याची २५. फळ्यावर चौकट काढून हे सांगितले तर ते पाठ होते आणि चुकीचे समजते: ‘चार मुलांत एक आजारी.’ त्याऐवजी मुलांच्या जोड्या कराव्यात. प्रत्येकाला एक नाणे द्यावे, छाप म्हणजे एक जनुक आणि काटा म्हणजे दुसरे असे ठरवावे, आणि जोडीने चार-चार वेळा नाणी उडवावीत. एखाद्या जोडीकडे चारांत दोन आजारी निघतात, एखादीकडे एकही नाही. सगळ्या वर्गाची बेरीज मात्र पावच्या जवळ येते. प्रत्येक वेळी शक्यता नव्याने मोजायची असते, हे मुलांनी स्वतः शोधून काढलेले असते. पुढे विचारावे की हे जनुक इतक्या पिढ्या टिकले कसे, आणि वाहकांना तीव्र हिवतापापासून मिळणाऱ्या संरक्षणापर्यंत वर्गाला जाऊ द्यावे. हिवतापाच्या जिल्ह्यात उत्क्रांती शिकवायला याहून चांगली वाट नाही. फक्त कोणत्या मुलाच्या घरी आजार आहे हे विचारू नये, आणि कोणी आपणहून सांगितले तर तिथेच थांबून त्याचे ऐकावे.

गणिताचेही तसेच. दहावीच्या बीजगणितात अर्थनियोजन हे प्रकरण आहे. त्यात जीएसटी आहे, शेअर्स आहेत. इथल्या मुलांनी शेअर पाहिलेला नाही, पण मे महिन्यात तेंदूपत्ता संकलनाच्या फळीवर आईबाबांसोबत ती उभी राहिलेली आहेत. एका पुड्यात ७० पाने आणि प्रमाण गोणीत १००० पुडे, म्हणजे ७० हजार पाने. रोज १५० पुडे बांधणाऱ्या घराची गोणी सातव्या दिवशी भरते. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा तेंदूपत्त्यावर १८ टक्के दर लागला. हा कर कोणाकडून वसूल होतो, लिलाव करणाऱ्या ग्रामसभेच्या हिशेबात कुठे दिसतो, कंत्राटदाराच्या देयकात कसा लिहिला जातो, हे प्रश्न पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही उदाहरणाइतकेच परीक्षेच्या उपयोगाचे आहेत. शिवाय संध्याकाळी घरी जाऊन बाबांचा हिशेब तपासता येतो. गणिताविषयीचे मत तिथे बदलते.

इतिहासाची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. मोलमपल्लीचे तरुण गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव केला, अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांच्या सोबत होते. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, बाबुरावांना फाशी झाली. पन्नास वर्षांनी, ११ ऑगस्ट १९०८ रोजी मुझफ्फरपूरला खुदिराम बोस फासावर गेले, आणि त्यांच्याच बॉम्बप्रकरणावर ‘केसरी’त लिहिल्याबद्दल टिळकांना सहा वर्षे मंडालेला जावे लागले. माडिया मुलगा बाबुरावांचे नाव घरी ऐकत आला आहे. खुदिरामपल्लीची मुलगी रोज त्या नावाच्या पाटीखालून शाळेला येते. टिळक पुस्तकात आहेतच. तिघांना एका तासात आणावे, प्रत्येक गटाला एक खटला द्यावा, साक्षी, आरोप, बचाव आणि शिक्षा त्यांनी शोधाव्यात आणि मग उभे राहून सादर कराव्यात. झाडीपट्टीत भाऊबीजेनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. मुले रात्रभर मंडपात बसतात आणि सकाळी शाळेत पेंगतात, म्हणून शिक्षक रागावतात. ज्यांना पाच-पाच तासांच्या नाटकातले संवाद लक्षात राहतात, त्यांची स्मरणशक्ती कमी आहे असे कसे म्हणावे? त्यांच्या हाती संवाद लिहायचे काम द्यावे. बंगाली मुलीला बाबुरावांचा वकील आणि माडिया मुलाला खुदिरामचा वकील करावे.

हे सगळे करताना एक सावधगिरी हवी. २०१९ मध्ये हार्वर्डच्या भौतिकशास्त्राच्या वर्गांत दिसले की कृतीतून शिकलेल्या विद्यार्थ्यांचे चाचणीतील गुण जास्त होते, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. गुळगुळीत व्याख्यान ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते, स्वतः झगडताना मात्र आपले अज्ञान दिसते. मुलचेऱ्यातही मुले सुरुवातीला म्हणतील, ‘सर, तुम्ही लिहूनच द्या ना.’ पालकही विचारतील की वहीत काही का नाही. शिक्षकाने इथे माघार घेऊ नये, आणि मुलांना आधीच सांगून ठेवावे की अवघड वाटणे हा शिकण्याचाच भाग आहे.

गैरहजेरीचा प्रश्नही पद्धतीतच सोडवावा लागेल. श्रावणाच्या आसपास धानाच्या रोवणीला हात लागतात आणि मुले दोन-तीन आठवडे बांधीत असतात. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो. नाल्यांना पूर आला की रस्ता तुटतो. परतलेल्या मुलाला थेट पुढच्या धड्यात बसवले तर त्याचे मागचे कायमचे राहते. एक भाग पक्का झाल्याशिवाय पुढे न नेण्याचा आग्रह बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये धरला होता. रोवणीच्या जिल्ह्यात तो आग्रह रोजची गरज आहे. प्रत्येक प्रकरणाचे चार-पाच मूळ प्रश्न लिहून ठेवावेत, आलेल्या मुलाची त्यावर तोंडी तपासणी करावी, आणि ते शिकवण्याचे काम आधी शिकलेल्या सोबत्याकडे द्यावे. याला निधी लागत नाही, वेळापत्रकात अर्धा तास लागतो.

शिक्षकांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. रिकामी पदे, सततची ऑनलाइन माहिती, एकाच शिक्षकावर विज्ञान आणि गणित दोन्ही, आश्रमशाळेत रात्रीच्या देखरेखीचे ओझे, हे सगळे खरे आहे. शिवाय भाषेचा प्रश्न एकट्या शिक्षकाच्या हातात नाही. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, आणि २०२२ मध्ये शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करण्याविषयी संविधानाच्या अनुच्छेद ३५०-क मध्ये लिहिलेले असताना हे घडले, याचे मला दुःख आहे. पाचवीपर्यंत मुलाची भाषा दारात ठेवायला लावायची आणि नववीत ते बोलत नाही म्हणून तक्रार करायची, हे चालणार नाही.

दिवाळीची सुट्टी संपली की दुसरे सत्र सुरू होईल आणि दहावीच्या परीक्षेला थोडेच महिने उरतील. अनेक शाळांत याच काळात मुलांच्या ‘निघणारे’ आणि ‘न निघणारे’ अशा दोन याद्या होतात आणि सगळी मेहनत पहिल्या यादीवर जाते. माझी मुख्याध्यापकांना विनंती आहे की या वर्षी ती दुसरी यादी करू नका. प्रत्येक विषयाचे एकच प्रकरण निवडा, ते गटांत तुकडे वाटून, मुलांना आपापल्या भाषेत बोलू देऊन, पक्के होईपर्यंत शिकवा, आणि त्यानंतर घेतलेल्या चाचणीचे गुण आधीच्या चाचणीशेजारी मांडून शिक्षकसभेत ठेवा.