मान ही भूक की बेडी?

पोट भरले म्हणजे माणूस धर्माकडे वळतो, असे पुष्कळदा ऐकू येते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो यांनी 1943 साली मांडलेला सिद्धांत लोक याच अर्थाने सांगतात. आधी अन्नपाणी, मग सुरक्षितता, मग आपली माणसे, मग मानसन्मान आणि शेवटी अंगच्या गुणांचे पूर्णत्व. (हा क्रम अढळ आहे असे मॅस्लोंनी म्हटले नव्हते, सांगणारे तेवढे विसरतात.)

भूक भगवान बुद्धांनीही नाकारली नाही. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीच्या शेतकऱ्याची गोष्ट आहे. हरवलेला बैल शोधून तो उपाशीपोटी आला, तेव्हा तथागतांनी त्याला आधी जेवू घालविले, मग उपदेश केला.

परंतु 20 मार्च 1927 रोजी महाडला जे चवदार तळ्यावर गेले, ते तहानेने गेले नव्हते. त्या पाण्यावाचून आम्ही मरत नव्हतो, हे बाबासाहेबांनीच त्या वर्षीच्या डिसेंबरातील परिषदेत सांगितले. 1956 च्या दीक्षेनंतर केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींत धरले ते 1990 साली. तोवर पोटाचा हिशेब तोट्याचाच होता. तरी लोक आले. पोटाआधी मान, असा त्यांचा क्रम होता.

इथे आपल्या मलकापूर-शाहूवाडीकडचा एखादा चिकित्सक तरुण विचारील, ‘अहो, धम्मात तर दहा संयोजनांत, म्हणजे दहा बेड्यांत, मान मोजला आहे. मग मानासाठी धर्मांतर केले ते बेडी घालून घ्यायला काय?’

प्रश्न रास्त आहे. पण पाली ‘मान’ म्हणजे आपली मराठी इज्जत नव्हे. स्वतःला दुसऱ्याच्या मापाने मोजणे, तो मान. त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत: मी श्रेष्ठ, मी बरोबरीचा आणि मी हीन. तिसरा नीट वाचावा. स्वतःला हीन समजणे हासुद्धा मानच! पिढ्यान्‌पिढ्या आपल्या गळ्यात होती ती हीच बेडी, आणि दीक्षेने घाव घातला तो हिच्यावर. उलट कर्ज काढून भावकीला दिपवणारा लग्नाचा मांडव घालणे, हा पहिला प्रकार. त्याला स्वाभिमान म्हणू नये.

मान पुरता सुटतो तो अर्हत्पदी. स्रोतापन्नाच्या आधी तुटणाऱ्या तीन बेड्या वेगळ्या आहेत: ‘मी’ची खोटी दृष्टी, शंका, आणि कर्मकांडाने शुद्धी होते ही समजूत. जुना देव्हारा उतरविताना ज्या माउलीचा हात अजून थरथरतो, तिचे काम सध्या या तिघींपाशी आहे.