दुसऱ्याचे स्वातंत्र्य



गेल्या महिन्यात आपल्या धर्मग्रामातील युवक-युवतींसह आम्ही चिचोलीच्या शांतिवनात गेलो होतो. नागपूर शहराबाहेरच्या या संग्रहालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वापरातील वस्तू आहेत. कोट, हॅट, टंकयंत्र अशा साध्याच वस्तू. १९५६ च्या धम्मदीक्षा सोहळ्याच्या आयोजनात पुढे असलेल्या वामनराव गोडबोले यांनी त्या जपल्या.

टंकयंत्र पाहून नानकचंद रत्तू यांची आठवण झाली. पंजाबातला हा तरुण दिल्लीत दिवसभर सरकारी नोकरी करी आणि संध्याकाळी बाबासाहेबांकडे येऊन त्यांचे लेखन टाइप करी. थोरांच्या कार्यामागे असे किती हात असतात! स्वातंत्र्य भाषणांनी मिळत असेल, पण टिकते ते अशा हातांमुळे.

परतताना एका मुलाने विचारले, "फादर, त्यांनी सगळ्या धर्मांचा अभ्यास केला आणि आपला धर्म स्वीकारला नाही. मग आपण त्यांना मान द्यायला का यायचे?"

प्रश्न प्रामाणिक होता. आम्हाला लगेच उत्तर सुचले नाही.

स्वातंत्र्य म्हणजे मला कोणी अडवू नये, एवढेच आपण बहुधा धरून चालतो. पण खरी कसोटी पुढे आहे. दुसरा माणूस विचारपूर्वक आपल्यापेक्षा वेगळी वाट धरतो, तेव्हा त्याच्याविषयीचा आपला आदर टिकतो का? शुभवर्तमानातला श्रीमंत तरुण आठवा. प्रभू येशूने त्याच्याकडे प्रेमाने पाहिले, त्याला बोलावले, आणि तो खिन्न होऊन निघून गेला तेव्हा त्याला बळजबरीने थांबवले नाही. प्रेम हाक मारते, हात पिरगाळत नाही. ७ डिसेंबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने धर्मस्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात हेच मांडले : सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध वागण्याची सक्ती कोणावरही होऊ नये, कारण हा हक्क मानवाच्या प्रतिष्ठेतून येतो. आपल्या राज्यघटनेचे २५ वे कलम सर्वांना हेच स्वातंत्र्य देते. आज आपण निर्भयपणे मिस्सेला येतो, ते त्याच्याच आधारावर. मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेबच होते.

म्हणजे जो आपल्याकडे आला नाही, त्याने आपले दार उघडे राहील याची काळजी घेतली. मान द्यायला याहून मोठे कारण कोणते?

पण मुलाच्या प्रश्नात दुसरा प्रश्न दडलेला आहे आणि तो आपल्याला टोचणारा आहे. ख्रिस्ती झालेल्यांमध्येही जातिभेद उरला आहे, अशी टीका बाबासाहेबांनी केली होती. आज ती खोटी ठरवता येईल का? लग्न जुळवताना आपण काय विचारतो? चर्चची झाडलोट करणाऱ्याला आपण नावाने ओळखतो का? कोणी चर्चला येणे थांबवले, तर त्याच्या श्रद्धेवर बोट ठेवण्याआधी त्याला इथे काय सोसावे लागले, हे आपण विचारतो का? आम्हीही पुष्कळदा विचारलेले नाही.

या आठवड्यात एवढेच करू या. जो आपल्यापासून दूर गेला आहे, अशा एकाच्या घरी जाऊ या. परत बोलावण्यासाठी नव्हे, ऐकण्यासाठी. तो येईल की नाही, हे त्याच्या स्वातंत्र्यावर सोडू या.

ख्रिस्तात आपले,
धर्मगुरू