एसावाच्या दारी



गेल्या रविवारी आम्ही येथे नव्हतो, शेजारच्या धर्मग्रामातील फादरांनी तुमच्यासाठी मिस्सा अर्पण केली. फादर कुठे गेले होते, असे बऱ्याच जणांनी विचारले. काहींनी तर आजारी असल्याची वार्ताही पसरवली. तेव्हा सांगूनच टाकतो.

आम्ही नातलगांच्या भेटीला गेलो होतो. आमचे दादा, वहिनी, त्यांची तीन मुले आणि धाकटी बहीण मुंबईहून भाड्याचा टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन आले. 2021 साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, त्यात झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेल्या गाड्यांचा विचार होता. तशी गाडी आमच्या खिशाबाहेरची. पण वहिनींनी मागच्या सीटा मोकळ्या करून चटया, गॅसची शेगडी, कुकर, तांदळाची पिशवी असे काही बसवले की मुलांनी तिचे नाव ‘चालते घर’ ठेवले. पाली, लांजा, राजापूर, कणकवली करत सावंतवाडी, आणि परतीला आंबोली, आजरा, कोल्हापूर आणि आंबा घाट. पाच दिवस. आईला जाऊन चार महिने झाले होते, आणि तिच्या वहीत ज्यांची नावे होती त्या सर्वांना एकदा भेटून यावे, असे बहिणीच्या मनात होते.

मे महिन्याच्या 31 तारखेला ख्रिस्तसभा मरियेच्या भेटीचा सण पाळते. गाब्रिएल दूत निघून गेल्यावर मरिया घाईने यहूदाच्या डोंगराळ भागात एलिझाबेथकडे गेली व सुमारे तीन महिने राहिली, असे संत लूक सांगतात. नाझरेथपासून, परंपरेने जे गाव मानले जाते त्या ऐन करीमपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर. या सणावर आम्ही येथे दरवर्षी प्रवचन देतो. पण प्रवासात आम्हाला सारखी आठवण होत होती ती दुसऱ्याच एका प्रवासाची.

उत्पत्तीच्या पुस्तकातील याकोब वीस वर्षे लाबान मामाकडे राहून परत निघाला, तो सगळा संसार घेऊन. बायका, मुले, दास-दासी, गुरे, तंबू. तेही चालतेच घर. आणि वाटेत होता एसाव, ज्याचा आशीर्वाद त्याने फसवून घेतला होता. एसाव चारशे माणसे घेऊन येतो आहे हे कळताच याकोब घाबरला. त्याने आपल्या लोकांचे दोन तळ केले, की एकावर हल्ला झाला तर दुसरा वाचावा. मग भेट म्हणून शेळ्या, मेंढ्या, उंट, गाई, गाढवे पुढे पाठवली. मोजून पाहा, साडेपाचशे जनावरे होतात, उंटांची पिल्ले वेगळी. माणूस स्वतः पुढे होण्याऐवजी आधी वस्तू पाठवतो. आपणही नाताळात कुसवारची ताटे मुलांच्या हातून पाठवतोच ना?

आमच्या आईच्या वहीत आमच्या काकांचे नाव होते. सावंतवाडीजवळचे ते घर, घरामागची कलमे आणि विहीर यांच्या वाटणीवरून आमचे वडील आणि काका यांच्यात बोलणे बंद झाले, त्याला एकोणीस वर्षे झाली. वडील न बोलताच गेले. आम्ही त्यांना प्रायश्चित्त संस्कार घ्यायला सांगितले, पण भावाचे नाव काढायचे धाडस आम्हाला झाले नाही. या एकोणीस वर्षांत आम्ही तुमच्यापैकी कित्येकांना सांगितले आहे की वेदीशी दान घेऊन येण्याआधी भावाशी समेट करावा, प्रभू येशूने असे बजावले आहे. काही जणांना तर आम्ही कठोर शब्दांत सांगितले. आणि स्वतः मात्र दररोज वेदीशी उभे राहत होतो. हे तुमच्यापासून लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

आईच्या दफनाला काका आले होते. दफनभूमीच्या फाटकापाशी ते उभे राहिले, मूठभर माती टाकली आणि कोणाशी न बोलता गेले. आम्ही तेव्हा विधी चालवत होतो. नजरानजर झाली. आम्ही पुस्तकात पाहिले.

सावंतवाडीला पोहोचण्याआधी मालवणला थांबलो. पुण्याला तत्त्वज्ञान शिकताना आमच्या बाकावर बसणारा एक मित्र तेथे शाळेत शिकवतो. तो सेमिनरी सोडून गेला तेव्हा त्याला एक पत्र लिहायला हवे होते, ते आम्ही लिहिले नाही, कारण काय लिहावे हे कळत नव्हते. अ‍ॅरिस्टॉटल आपल्या नीतिशास्त्राच्या आठव्या भागात म्हणतो की दूर राहिल्याने मैत्री मोडत नाही, फक्त तिचा व्यवहार थांबतो, पण फार काळ गेला तर विसर पडतो. परीक्षेत हे आम्ही दोघांनीही लिहिले होते. मित्राने आम्हाला बांगड्याचे तिखले वाढले आणि त्याच्या मुलीला सांगितले, हा माझी वही बघून पास झाला. हे खरे नाही. पण आम्ही ते नाकारले नाही!

काकांच्या घरी संध्याकाळी पोहोचलो. दादा गाडीतून उतरायला तयार नव्हते. आधी फादर जाऊ देत, झग्याकडे पाहून काही बोलणार नाहीत, असे ते म्हणाले. याकोबाने दोन तळ केले तसेच हे. आम्ही म्हणालो, दादा, याकोब शेवटी सर्वांच्या पुढे चालत गेला आणि सात वेळा जमिनीपर्यंत वाकला. वहिनी म्हणाल्या, “प्रवचन नंतर करा, आधी उतरा.”

काका लोट्यावर बसले होते. फार वाळले आहेत. बराच वेळ आमच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “इलंस? ये, बस.” इतकेच. काकू आत चहा ठेवायला गेल्या. विहिरीचा, कलमांचा विषय कोणी काढला नाही. बऱ्याच वेळाने काकांनी विचारले, वहिनींना शेवटी त्रास झाला का? आम्ही सांगितले, दोन दिवस झाला, मग शांत होत्या. त्यांनी मान हलवली. नंतर म्हणाले की लग्न होऊन आल्यावर पहिल्या पावसात त्यांनीच मला पेज भरवली होती, मला टायफॉईड झाला होता. ही गोष्ट आम्हा तिघा भावंडांपैकी कोणालाही ठाऊक नव्हती. आईने कधी सांगितली नाही, आणि एकोणीस वर्षे सांगणारा दुसरा कोणी आमच्या घरी येत नव्हता.

याकोबाने एसावाला म्हटले की तुझे मुख पाहिले आणि देवाचे मुख पाहिल्यासारखे वाटले. सेमिनरीत आम्ही लेव्हिनास नावाच्या विचारवंताचा अभ्यास केला. समोरच्याचा चेहराच आपल्याकडून उत्तर मागतो, असे तो सांगतो. तेव्हा ते फार अवघड वाटले होते. लोट्यावर ते मुळीच अवघड नव्हते.

पण बंधू-भगिनींनो, सगळे सुरळीत झाले असे आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही काकांना म्हटले, आमच्याबरोबर गाडीतून रत्नागिरीला चला. ते नाही म्हणाले. सातबाऱ्याचा प्रश्न जिथल्या तिथे आहे. पवित्र शास्त्रातही पाहा, एसाव धावत आला, गळ्यात पडला, दोघेही रडले, आणि मग एसाव म्हणाला चल बरोबर जाऊ, तर याकोबाने मुलांचे आणि गुरांचे कारण सांगितले व तो सुक्कोथला गेला, सेईरला नाही. नंतर हे दोघे भाऊ एकत्र दिसतात ते बापाला, इसहाकाला पुरताना. म्हणजे समेट झाला, तरी भीतीचा थोडा भाग उरलाच. शास्त्र हे झाकून ठेवत नाही.

निघताना काकूंनी दोन फणस आणि आमसुले गाडीत ठेवली. घाटात दादांच्या धाकट्या मुलीने विचारले, “हे आजोबा आपल्याला आधी का नाही दाखवले?” दादा खिडकीबाहेर बघत राहिले. आम्हीही.

आपल्या रत्नागिरीतल्या थिबा राजाची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. 1886 साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाच्या या राजाला येथे आणले, 1916 च्या डिसेंबरात तो येथेच मरण पावला. त्याची थोरली राजकन्या पुढे रत्नागिरीकर झाली, आणि तिची मुलगी टुटू हिने येथेच संसार केला. शंभर वर्षे झाली तेव्हा, 2016 च्या डिसेंबरात, राजाचे ब्रह्मदेशातील वंशज समाधीपाशी येऊन प्रार्थना करून गेले. त्यांच्या आड समुद्र होता, साम्राज्य होते, भाषा होती. आमच्या आड एक विहीर होती आणि एका दिवसात संपणारा रस्ता.

आमच्या कार्यालयात आता काकांचा फोन नंबर टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. रविवारी संध्याकाळी आम्ही फोन करतो, ते पावसाचे विचारतात.

तुमच्यापैकी कोणाला असे कोणाच्या दारी जायचे असेल आणि एकट्याने पाय उचलत नसेल, तर मिस्सेनंतर सॅक्रिस्टीत येऊन सांगा. झगा न घालता आम्ही सोबत येऊ. गाडी नाही, पण एसटी आहे.

आपले,
फादर